आत्मसंशयनिरसनात व्यक्तिगत मंत्राचे स्थान

१. संज्ञानिश्चय

विवेचनाच्या आरंभी तीन संज्ञांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. 'मंत्र' या शब्दाने येथे नियत क्रमाचे, अल्पाक्षर आणि पुनःपुन्हा उच्चारण्यासाठीच योजलेले पद किंवा वाक्य अभिप्रेत आहे. त्याला देवता असेलच असे नाही. दीक्षा असेलच असेही नाही. एका व्यक्तीने एका विशिष्ट मानसिक प्रयोजनासाठी स्वीकारलेला मंत्र तो 'व्यक्तिगत मंत्र'. तो परंपरेतून घेतला की स्वतः रचला, हा भेद लक्षणात येत नाही. तिसरी संज्ञा 'आत्मसंशय'. ती सर्वांत घोटाळ्याची आहे, कारण या एका नावाखाली परस्परभिन्न अशा तीन अवस्था वावरतात आणि मंत्राचा उपाय त्यांतील एकीवरच चालतो.

न्यायशास्त्राने संशयाचे लक्षण काटेकोर केले आहे. एकाच वस्तूविषयी परस्परविरुद्ध धर्मांचे अनिश्चित ज्ञान म्हणजे संशय. दुरून दिसणारा उभा आकार खांब आहे की पुरुष, हे त्याचे रूढ उदाहरण. संशयाला किमान दोन कोटी, म्हणजे पर्याय, लागतात आणि दोन्ही कोटी संभाव्य असाव्या लागतात. ज्याला लोकव्यवहारात आत्मसंशय म्हणतात, त्याला ही कसोटी लावून पाहावी.

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात पोलीस भरतीची तयारी करणारी एक तरुणी कल्पावी. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात मुलींना ८०० मीटर धाव. तिच्या मनात तीन प्रकारची वाक्ये उठतात. पहिले: आठशे मीटर वेळेत होतील का? येथे दोन कोटी आहेत; हा खरा संशय. दुसरे: 'माह्याच्यानं होतच नाही.' येथे कोटी एकच आहे. हा संशय नसून निर्णय आहे, आणि पुरावा अपुरा असताना केलेला हा निर्णय वस्तुस्थितीला सोडून असल्यास शास्त्रीय परिभाषेत विपर्यय ठरतो. तिसरे: 'तू अशीच. तुले कधी काही जमलं का?' या वाक्याचा विषय धाव नाही, धावणारी आहे; आणि त्याचा आकार प्रश्नाचा असला तरी ते उत्तर मागत नाही. त्याला दूषण म्हणावे. ते सिद्ध होण्याची वाट पाहत नाही, केवळ पुन्हा उच्चारले जाते. पुष्कळदा ते कोणा वडीलधाऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या वाक्याचा अवशेष असते आणि त्याची मूळ बोलीही तशीच टिकून राहते.

या तीन अवस्थांचे उपाय भिन्न आहेत. संशयाचा उपाय प्रमाण: धावावे, घड्याळ पाहावे. विपर्ययाचा उपाय युक्तिवाद. अल्बर्ट एलिस याने १९५५ पासून मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच भूमीवर उभी आहे. कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली, आणि १९९० साली ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था स्थापन करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनातून ती मराठी वाचकाला परिचित झाली. या पद्धतीत वाक्य पकडले जाते, त्याचा पुरावा मागितला जातो आणि अतिव्याप्त निष्कर्ष आवरला जातो. दूषणाला मात्र पुरावा मागून विशेष उपयोग होत नाही. त्याचे बळ पुराव्यातून आलेले नसते, आवृत्तीतून आलेले असते. जे आवृत्तीने दृढ झाले, त्याचा प्रतिकारही आवृत्तीनेच संभवतो. मंत्राचे क्षेत्र येथे सुरू होते.

२. मंत्राची क्रिया

दूषण ही अंतर्वाणी आहे, म्हणजे न उच्चारलेले बोलणे. तिला रोखण्याचा सहज सुचणारा मार्ग निषेधाचा: असा विचार करायचा नाही, असे मनाला बजावणे. डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या मार्गाची परीक्षा केली. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगितलेल्या व्यक्तींच्या मनात ते अस्वल येतच राहिले, आणि बंदी उठल्यावर तर ज्यांच्यावर बंदी नव्हती त्यांच्यापेक्षाही अधिक आले. निषेधासाठी निषिद्धावर पहारा ठेवावा लागतो आणि पहाऱ्यासाठी निषिद्धाचे स्मरण लागते. म्हणून निषेध स्वतःच आवृत्तीचे कारण होतो.

दुसरा मार्ग स्थान व्यापण्याचा. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीचे जे प्रारूप मांडले, त्यात उच्चाररूप सामग्री धरून ठेवणारे एक मर्यादित अंग कल्पिले आहे. एखादा निरर्थक शब्द सतत उच्चारत राहिले, तर त्या अंगात दुसरे वाक्य घोळवणे कठीण होते. प्रयोगशाळेत हे पुनःपुन्हा दिसून आले आहे. यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, मंत्राचा प्राथमिक परिणाम त्याच्या अर्थावर अवलंबून नाही. जिव्हा आणि श्रवण गुंतले की दूषणाला उच्चारस्थान उरत नाही. दोन, दूषण वाक्यरूपात न येता चित्ररूपात येत असेल (हसणारे वर्गमित्र, निकालाच्या यादीपुढे उभे असलेले वडील), तर हा परिणाम बराच क्षीण होतो, कारण चित्रांचे अंग वेगळे आहे. मंत्र घेऊनही काहींना गुण का येत नाही, याचे एक कारण येथे आहे. त्यांना डोळे गुंतवणारे काम लागते.

या क्रियेचे दुसरे अंग श्वासाचे. पतंजलीने योगसूत्रांच्या पहिल्या पादात प्रणवाचा जप आणि त्याच्या अर्थाचे भावन सांगितले, त्याने अंतरायांचा अभाव होतो असे म्हटले आणि त्यानंतर नऊ अंतराय मोजले. त्यांत व्याधी आणि स्त्यान (मनाची जडता) यांच्यानंतर तिसरा संशय आहे. लगोलग अंतरायांचे सहचर येतात: दुःख, दौर्मनस्य, अंगांचा कंप आणि विस्कळीत श्वासप्रश्वास. संशयाची गणना श्वासविकृतीच्या शेजारी करणारी ही मांडणी अनुभवाधारित आहे, हे उघड दिसते. लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये निरोगी प्रौढांवर केलेल्या अभ्यासात कॅथलिक जपमाळेची प्रार्थना आणि बौद्ध मंत्र या दोहोंनी श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावला आणि हृदयाच्या लयीचे रक्तदाबाशी असलेले नियमन सुधारले. दोन धर्म, दोन भाषा आणि परिणाम एकच, कारण दोन्हींच्या आवर्तनाची लांबी जवळपास सारखी होती.

जैन परंपरेने ही लांबी प्रत्यक्ष नियमात घातली आहे. कायोत्सर्ग या ध्यानप्रकारात एक णमोकार मंत्र तीन श्वासोच्छ्वासांत म्हणायचा, म्हणून नऊ णमोकारांचे सत्तावीस श्वास होतात. जपाचे परिमाण श्वासात मोजणारा हा नियम कोणत्याही उपचारपुस्तकाला शोभावा.

३. रूपभेद

आवृत्तीचे कार्य कोणत्याही शब्दाने होत असेल, तर शब्दाची निवड निरर्थक ठरेल काय? ठरत नाही. मंत्र उच्चारण्याच्या क्षणी अर्थ मागे पडतो, पण उच्चारापूर्वी आणि उच्चारानंतर मन त्याच्याकडे पाहते आणि त्याचे मूल्यमापन करते. म्हणून मंत्राचे व्याकरणिक रूप विचारात घ्यावे लागते. या दृष्टीने मंत्र चार प्रकारचे आहेत: नमनरूप, संकल्परूप, आज्ञारूप आणि विधानरूप. पहिल्या तीन प्रकारांची उदाहरणे मालेगावच्या परिसरातच जिवंत आहेत. चौथा प्रकार आधुनिक काळात दृढ झाला.

नमनरूप मंत्रात म्हणणाऱ्याविषयी काहीही सांगितलेले नसते. मालेगाव तालुक्यातील शिरपूर (जैन) हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र. तेथे दिगंबर आणि श्वेतांबर अशा दोन्ही संप्रदायांची श्रद्धा आहे. मंदिराच्या व्यवस्थेवरून त्यांच्यात दीर्घकाळ वाद झाला, तरी णमोकाराच्या मुख्य पाच पदांविषयी वाद नाही. या पदांत पस्तीस अक्षरे आहेत. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि सर्व साधू यांना नमस्कार, एवढाच त्यांचा आशय. कोणा व्यक्तीचे नाव नाही, कसली याचना नाही. माळेच्या १०८ मण्यांचा हिशोबही या पाचांच्या गुणांशी जुळवलेला आहे: बारा, आठ, छत्तीस, पंचवीस आणि सत्तावीस. सारे गुण दुसऱ्यांचे. म्हणणाऱ्याच्या गुणांची मोजदाद कोठेही नाही. वारकऱ्यांचा 'रामकृष्णहरी' याच वर्गातला, कारण तो केवळ संबोधन आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात शेगावी १८७८ मध्ये प्रकट झालेल्या आणि १९१० मध्ये समाधिस्थ झालेल्या गजानन महाराजांच्या मुखातील 'गण गण गणात बोते' याचे तात्त्विक अर्थ सांगितले जातात, परंतु तो म्हणणाऱ्या बहुसंख्य लोकांना त्या अर्थांची गरज पडलेली नाही. तेथे नाद आणि संबंध पुरतात.

संकल्परूप मंत्र प्रथमपुरुषी असतो, पण तो गुण सांगत नाही, कृती करतो. बौद्धांचे त्रिशरण हे त्याचे शुद्ध उदाहरण. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते घेतले आणि अनुयायांना देताना सोबत बावीस प्रतिज्ञाही दिल्या. वऱ्हाडातील असंख्य घरांत त्रिशरण आजही नित्य म्हटले जाते. मी शरण जातो, असे म्हणताना म्हणणे हेच शरण जाणे होते. त्या वाक्याला खोटे ठरवणारा पुरावा असू शकत नाही. पंचशीलही असेच आहे. मी निर्दोष आहे असा दावा त्यात नाही, विरत राहण्याच्या नियमाचा स्वीकार आहे. ज्या समाजाला शतकानुशतके दूषण बाहेरून ऐकवले गेले, त्याच्यासाठी आंबेडकरांनी योजलेले रूप स्वप्रशंसेचे नव्हते, प्रतिज्ञेचे होते. या निवडीचा अभ्यास मानसशास्त्राच्या अंगाने अद्याप पुरेसा झालेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आज्ञारूप मंत्रात मनुष्य स्वतःच्या मनाशी द्वितीयपुरुषात बोलतो. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक २०५ आहेत आणि ते मनाला उद्देशून आहेत. अभंगाच्या अखेरीस स्वतःचे नाव तृतीयपुरुषात घालण्याची संतकवींची रीतही याच जातीची. बोलणारा स्वतःपासून एक पाऊल दूर उभा राहतो. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ताणाच्या प्रसंगापूर्वी स्वतःशी 'मी' म्हणून बोलणाऱ्यांपेक्षा स्वतःचे नाव किंवा 'तू' वापरणाऱ्यांना कमी क्लेश झाला आणि त्यांची कामगिरीही सरस ठरली. दूषण द्वितीयपुरुषी असते हे पूर्वी दाखवले आहे. त्याचे आसन घ्यायचे तर त्याच पुरुषात बोलणे सयुक्तिक आहे.

विधानरूप मंत्र म्हणजे स्वतःविषयीचा गुणवाचक दावा: मी यशस्वी आहे, मी आत्मविश्वासपूर्ण आहे. प्रेरणादायी व्याख्यानांतून आणि भिंतीवरच्या तक्त्यांतून सांप्रत बहुधा याच प्रकाराचा प्रसार होतो.

४. विधानरूप मंत्राचा दोष

दूषणाने ग्रासलेल्या मनाजवळ प्रतिकूल पुराव्याचा साठा सिद्ध असतो. त्याच्यापुढे 'मी यशस्वी आहे' असे विधान ठेवले की ते विधान पक्ष होते, आणि पक्ष मांडला की प्रतिपक्ष उभा राहतोच. मागच्या भरतीत हुकलेले गुण, नापास झालेले वर्ष, नातलगांच्या लग्नात विचारला गेलेला प्रश्न, सर्व साक्षीला येतात. ज्या न्यायसभेतून सुटण्यासाठी मंत्र घेतला, तीच सभा तो पुन्हा बोलावतो. नमन, संकल्प आणि आज्ञा यांना साक्षीपुरावा लागू होत नाही. म्हणून त्या तिघांसमोर ही सभा भरत नाही.

जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कॅनडात केलेल्या प्रयोगांत, आपण प्रेमास पात्र आहोत असे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवल्यावर स्वतःविषयी आधीच चांगले मत असलेल्यांना किंचित लाभ झाला. ज्यांचे मत हीन होते त्यांची मनःस्थिती उलट खालावली. नंतरच्या एका पुनःपरीक्षणात हा परिणाम तसाच आढळला नाही, त्यामुळे सगळा भार या एका प्रयोगावर टाकता येत नाही. परंतु वरील युक्तिवाद त्यावाचूनही उभा राहतो.

येथे एमिल कुए (१८५७–१९२६) या फ्रेंच औषधविक्रेत्याला न्याय दिला पाहिजे. स्वयंसूचनेचा हा प्रवर्तक सकाळ-संध्याकाळ वीस वेळा म्हणायला एक वाक्य देत असे आणि मोजण्यासाठी वीस गाठींची दोरी सुचवीत असे. त्याचे वाक्य आपण दिवसेंदिवस सुधारत आहोत अशा आशयाचे होते. 'आहे' न म्हणता 'होत आहे' म्हणण्यातली सावधगिरी त्याच्या अनुयायांनी गमावली.

विधानरूपाला आणखी एक अडचण आहे. शब्द जलद आवृत्तीने काही काळ अर्थहीन होतो. मानसशास्त्रज्ञ टिचनर याने विसाव्या शतकाच्या आरंभीच हे नोंदवले होते. म्हणजे ज्या मंत्राचे सारे बळ अर्थात आहे, तोच आवृत्तीने निर्बल होतो. हाच नियम उलट वापरता येतो. स्टीव्हन हेज यांच्या स्वीकारप्रधान उपचारपद्धतीत दूषणाचा मुख्य शब्दच अर्धा मिनिट भराभर उच्चारायला लावतात, आणि तो केवळ ध्वनी होऊन उरतो.

५. योजना

व्यवहारात पाच पायऱ्या येतात. त्यांतील पहिली आणि तिसरी यांवरच फलनिष्पत्ती अवलंबून आहे.

पहिली पायरी दूषणाचे अक्षरशः ग्रहण. ते ज्या बोलीत उठते त्याच बोलीत लिहून घ्यावे. मालेगावच्या मुलाला मनात 'तुले नाही जमत' ऐकू येत असेल आणि वहीत तो 'माझ्यात क्षमतेचा अभाव आहे' असे लिहीत असेल, तर त्याने दूषण पकडलेले नाही, त्याचा शालेय अनुवाद पकडला आहे. स्वरचित मंत्रही त्याच बोलीत असावा. 'येवढं पान वाच, मंग पाह्यजो' हे आज्ञारूप वाक्य वऱ्हाडी मनाला जितके लागू पडेल, तितके प्रमाण भाषेतील कोणतेही सुभाषित पडणार नाही. पारंपरिक मंत्राला हा नियम लागू नाही. तेथे भाषेचे परकेपण बाधत नाही, कारण ती बालपणापासून कानावर असते.

दुसरी पायरी रूपाची निवड. दूषण प्रसंगाशी बांधलेले नसेल, रात्री अंथरुणावर येत असेल, तर नमनरूप. ते एखाद्या कृतीच्या तोंडाशी येत असेल, तर आज्ञारूप. ते कुळाशी, जातीशी, शरीराशी, म्हणजे बदलता न येणाऱ्या गोष्टीशी जोडलेले असेल, तर संकल्परूप.

तिसरी पायरी बांधणी. पीटर गोल्वित्झर यांच्या संशोधनाने असे दाखवले आहे की 'जर अमुक घडले, तर मी तमुक करीन' अशा रूपात बांधलेला निश्चय नुसत्या इच्छेपेक्षा पुष्कळ अधिक वेळा कृतीत उतरतो. मंत्राला असे निश्चित निमित्त हवे. आत्मविश्वास डळमळला की म्हणीन, ही बांधणी निरुपयोगी आहे. डळमळलेल्या अवस्थेत तिची आठवणच होत नाही. आरंभरेषेवर पाय ठेवला की, प्रश्नपत्रिका हातात आली की, बँकेची पायरी चढताना, ही निमित्ते इंद्रियांना प्रत्यक्ष आहेत. निमित्त एक असावे, फार तर दोन.

चौथी पायरी शांतकाळातील अभ्यास. वाचिक, उपांशु आणि मानस असे जपाचे तीन प्रकार धर्मशास्त्रात आहेत आणि मनुस्मृती त्यांना चढत्या क्रमाने श्रेष्ठ मानते. प्रस्तुत प्रयोजनात आरंभी हा क्रम उलटवावा. उच्चारस्थान पूर्णपणे व्यापण्याचे सामर्थ्य प्रकट उच्चारात अधिक आहे. मानस जप चालू असतानाच त्याच्या शेजारी दूषणही चालू राहते, हा कोणत्याही साधकाचा अनुभव. एका नि:श्वासात एक आवर्तन बसेल एवढी लांबी ठेवावी. संख्येचा आग्रह धरू नये, कारण आजची माळ अपुरी राहिली, हे नवे दूषण होऊन बसते.

पाचवी पायरी परीक्षा. मंत्र म्हटल्यावर कसे वाटले, हा निकष नव्हे. टाळलेली कृती झाली की नाही, हा निकष.

६. मर्यादा

तीन ठिकाणी मंत्राने थांबावे. एक, मंत्र न म्हटल्यास अनिष्ट घडेल अशी भीती उत्पन्न झाली आणि आवर्तने वाढतच गेली, तर तो उपाय राहिला नाही. मंत्रचळ या विकाराचे ते लक्षण आहे आणि त्याला वेगळे उपचार आहेत. दोन, झोप, भूक आणि कामातला रस आठवड्यांमागून आठवडे नाहीसा झाला असेल, किंवा जगण्याचा कंटाळा आला असेल, तर ते आत्मसंशयाचे प्रकरण नव्हे, अवसादाचे आहे. शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे.

तिसरे ठिकाण विचार खरा असण्याचे. २००६ साली केंद्र शासनाने ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वाशिम होता. २०१५ मध्ये राज्याने विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यातही वाशिम आहे. सोयाबीनचा भाव, पेरणीचा खर्च आणि डोक्यावरचे कर्ज यांची बेरीज करून एखादा शेतकरी 'यंदा फिटत नाही' असे म्हणत असेल, तर तो नकारात्मक विचार नव्हे, गणित आहे. त्याला मंत्र सुचवणे हा प्रमाणाचा अनादर होय. तेथे मंत्राचा अधिकार एवढाच की 'फिटत नाही' यातून 'मीच नालायक' हा निष्कर्ष निघू देऊ नये. पहिल्या वाक्याचा विषय ऋण आहे, दुसऱ्याचा व्यक्ती. आणि हा भेद प्रथम प्रकरणातच केलेला आहे.

७. गोपन

एक प्रश्न उरतो. दीक्षामंत्र कोणाला सांगू नये, असा संप्रदायांचा दंडक आहे. त्याची पावित्र्यमूलक कारणे येथे विचाराधीन नाहीत. परंतु स्वरचित मंत्रालाही तो दंडक लागू करण्यास स्वतंत्र कारण आहे. मंत्र दुसऱ्याला सांगितला की ऐकणारा त्याची सांगणाऱ्याशी तुलना करतो. 'येवढं पान वाच' ही आज्ञा घरच्यांना कळली की, वाचलं का, असे विचारले जाते, आणि आज्ञेचे रूपांतर जाहीर दाव्यात होते. अशा रीतीने निर्दोष आज्ञारूप मंत्रही चौथ्या प्रकारात जाऊन पडतो आणि त्या प्रकाराचे सारे दोष त्याला चिकटतात. णमोकार किंवा त्रिशरण समूहात मोठ्याने म्हटल्याने असे होत नाही, कारण त्यांत एकाची दुसऱ्याशी तुलना करण्याजोगे काही नसते. म्हणून पारंपरिक मंत्र उघड म्हणण्यास हरकत नाही. स्वतः रचलेला मात्र वहीच्या शेवटच्या पानावर असला तरी त्याखाली नाव नसावे.